राजदूत मोटारसायकल : तपासणीचा निकाल आणि विश्वसनीयता

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील, ताडोबाच्या जंगलानजीकचे तालुक्याचे ठिकाण होय. येथील वाहनांवर चंद्रपूर परिवहन कार्यालयाचा ‘एमएच ३४’ हा क्रमांक असतो. अशा जंगलव्याप्त ग्रामीण प्रदेशाच्या दळणवळणाचा विचार करताना एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत मोटारसायकल वगळता येत नाही. १९६० च्या दशकात पोलंडमधील ‘एसएचएल एम ११’ या गाडीच्या आधारे तिचे उत्पादन सुरू झाले. तिच्या सुमारे १७५ घनसेंटिमीटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनात झडपा नसल्याने सुटे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी होती. बिघाड न होणे यापेक्षा बिघाड स्थानिक पातळीवर दूर होणे, हेच तिच्या विश्वसनीयतेचे मर्म होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीअंती ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. धुराचे निकषही वाहनाच्या वयानुसार भिन्न आहेत. ३१ मार्च २००० पर्यंत निर्मित दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या, भारत टप्पा ४ पूर्वीच्या दुचाकींसाठी ३.५ टक्के आहे. तात्पर्य, तपासणीचा निकाल हा त्या दिवसाच्या सुस्थितीचा दाखला होय. वर्षानुवर्षांच्या विश्वसनीयतेचा नव्हे. केवळ प्रमाणपत्रांवर विसंबून लिहिलेल्या वाहनेतिहासात मिस्त्रीचे कौशल्य अनुल्लेखित राहते.