रिंगण, झोका आणि तंबू : मराठी सर्कशीची घडण

आधुनिक सर्कशीचा जन्म कसरतपटूंच्या नव्हे, तर घोडेस्वारांच्या हातून झाला. १७६८ मध्ये लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या निवृत्त घोडदळ सैनिकाने वर्तुळाकार रिंगणात भरधाव घोड्याच्या पाठीवर उभे राहण्याचे खेळ सुरू केले आणि पुढे त्या रिंगणाचा व्यास सुमारे ४२ फूट असा रूढ झाला. एवढ्या वर्तुळात घोडा एकसारख्या वेगाने धावू लागला, की स्वाराला आतल्या बाजूला किंचित कलून तोल सांभाळता येतो. म्हणजे आज ज्या गोल मांडणीकडे प्रेक्षक केवळ शोभा म्हणून पाहतो, ती मुळात घोड्याच्या धावेची गरज होती. डोंबकसरती, दोरीवरची चाल आणि विदूषकाचे चाळे हे सारे घोड्यांच्या दोन खेळांमधल्या विसाव्यासाठी आले आणि कालांतराने त्यांनीच रिंगण व्यापले. ही पूर्वपीठिका ध्यानात घेतली, म्हणजे भारतात सर्कस उभारणारा पहिला गृहस्थही घोडेस्वारच असावा, यात नवल वाटत नाही.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे मूळचे कृष्णाकाठच्या, आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले आणि तेथे त्यांनी अश्वविद्या व गायन या दोन्हींचा व्यासंग केला. चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारा जाणकार, असा त्यांचा लौकिक झाला आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांचा आश्रय त्यांना लाभला. १८७९ च्या सुमारास ज्युझेप्पे किआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचा ताफा मुंबईत आला असता, असे खेळ करणे हिंदी माणसाला साधणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले आणि ते विष्णुपंतांना झोंबले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’च्या मुंबईतील पहिल्या प्रयोगाची तारीख सामान्यतः २० मार्च १८८० अशी दिली जाते. ही हकिकत स्फूर्तिदायक आहे. परंतु तिच्यावरच विसंबले, तर एका टोमण्याने काही महिन्यांत सर्कस उभी राहिली, असा समज होतो. टोमण्याने जिद्द पेटली असेल, पण शिकवलेले घोडे आणि कसलेली माणसे जिद्दीने रातोरात तयार होत नाहीत. ती दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी पागांमध्ये आणि गावोगावच्या तालमींमध्ये आधीपासून तयार होत होती.

यांपैकी तालमीचा वाटा विशेष मोलाचा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावरच्या व्यायामाला, नवे रूप दिले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून तो आखाड्या-आखाड्यांत पोहोचला. उलटे लटकणे, मांड्यांच्या पकडीवर सारे शरीर तोलणे आणि हवेत अंग फिरवून पुन्हा खांब धरणे ज्याला सवयीचे झाले आहे, त्याला झोक्यावरचे खेळ सर्वस्वी परके नव्हते. दुसरीकडे डोंबारी आणि कोल्हाटी समाजांतील स्त्रीपुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाजारच्या दिवशी ताणलेल्या दोरीवरून चालत आणि उंच बांबूच्या टोकावर कसरती करीत आले होते. सर्कशीने या विद्येला तंबू, तिकीट, ठरलेली वेळ आणि बँडची साथ दिली. मात्र सर्कशीच्या इतिहासात मालकांची नावे जितकी टिकली, तितकी या कसरतपटूंची टिकली नाहीत, आणि ही उणीव गंभीर मानली पाहिजे.

प्रेक्षक ज्या खेळासाठी श्वास रोखून बसतो, तो उडत्या झोक्याचा खेळ १८५९ मध्ये पॅरिसमध्ये झ्यूल लेओतार याने प्रथम करून दाखवला. त्यात दोन भूमिका असतात : एक झेपावणारा आणि दुसरा झेलणारा. झेलणारा समोरच्या झोक्याला गुडघ्यांनी अडकून डोके खाली करून झुलत असतो. झेपावणारा उंच फळीवरून दांडी धरून सुटतो आणि झोका पुढे जाऊन क्षणभर स्थिरावतो, नेमक्या त्याच बिंदूला दांडी सोडतो. दोघे एकमेकांचे तळवे धरत नाहीत, तर मनगटे धरतात, कारण घामाने तळवा निसटतो आणि मनगटाची दुहेरी पकड टिकते. झेप चुकली, तर जाळीवर पाठीवरच पडावे लागते. पाय किंवा हात आधी टेकले, तर जाळी असूनही हाड मोडू शकते. त्यामुळे कसे पडावे, हे उडण्याआधी शिकवले जाते. जाळी ताणली व सोडली जात असताना रिंगणात धडपडणारा विदूषक हाही बहुधा अंगाने तितकाच तयार कसरतपटू असतो, कारण हास्यास्पद रीतीने पण सुखरूप पडणे हे सरळ उडीपेक्षा सोपे नाही.

छत्र्यांच्या तंबूने संगीतालाही आसरा दिला. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ हे विपन्नावस्थेत असताना विष्णुपंतांनी त्यांना सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. हे थोर गायक १९२२ मध्ये कुरुंदवाड येथेच निवर्तले.

कार्लेकर आणि देवल यांच्यासारख्या अनेक मराठी सर्कशी पुढे निघाल्या. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे तर हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले. परंतु सर्वांत दूरगामी परिणाम केरळात घडला. छत्र्यांची सर्कस थलश्शेरीला गेली असता तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांचा तिच्याशी संबंध आला, आणि १९०१ मध्ये त्यांनी थलश्शेरीजवळ सर्कशीची शाळा काढली. तिचे विद्यार्थी परियाली कण्णन यांनी १९०४ मध्ये ‘ग्रँड मलबार सर्कस’ सुरू केली आणि नंतरच्या कित्येक दशकांत देशभरच्या तंबूंना कसरतपटू व मालक याच भागाने पुरवले. महाराष्ट्रात विद्या मालकाच्या घराण्याशी आणि त्याच्या तंबूशी बांधलेली राहिली, तर थलश्शेरीत ती शाळेत शिकवली गेली. सर्कशीचे केंद्र दक्षिणेकडे सरकण्यामागे हे एक प्रमुख कारण मानता येईल.

१९९० च्या दशकात केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबळ्या यांच्या खेळांवर बंदी घातली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाच्या निकालाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यासही मनाई झाली. हे दोन्ही निर्णय न्याय्य होते. त्यांच्यामुळे रिंगणात पुन्हा माणसाची कसरतच मुख्य ठरली, मात्र लहान वयापासून अंग घडवण्याची जुनी वाट बंद झाली आणि तिच्या जागी सुरक्षित, शालेय स्वरूपाची दुसरी वाट कोणी आखली नाही. सर्कशीला माणसे पुरवणाऱ्या मल्लखांबाच्या मात्र १९८१ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि आता ‘खेलो इंडिया’तही त्याचा समावेश आहे. त्याच अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्या झोक्यावरच्या कलावंताला खेळाडूचा दर्जा अद्याप मिळालेला नाही. तो त्याला मिळायला हवा.