नामदार गोखले आणि मुळशीचें खोरें

पुण्याहून पौडावरून ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या प्रवाशास मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसूं लागला, म्हणजे त्याची दृष्टि साहजिकच त्या पाण्यावर खिळते. पाण्याखालीं काय आहे, हें विचारण्याचें त्यास कारण नसतें. तेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं. आणि सन १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, त्या खाचरांसाठीं सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं चालविलेल्या त्या लढ्याची हकीकत वाचकांस परिचित आहे. ती पुन्हां सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या खोऱ्याकडे पाहून आम्हांस आठवण होते ती दुसऱ्याच एका पुरुषाची. तो सत्याग्रहापूर्वीं सहा वर्षें निवर्तला होता, आणि त्यानें आपलें आयुष्य आंदोलनांत नव्हे, तर कायदेकौन्सिलांत आंकडे मांडण्यांत वेंचलें होतें.

गोपाळ कृष्ण गोखले हे मूळचे शिक्षक. अंकगणिताचें त्यांचें पाठ्यपुस्तक शाळांतून चालत असे. त्यांचीं कौन्सिलांतील भाषणें आज वाचलीं तरी हा शिक्षक लपत नाहीं. प्रतिपक्षाची बेरीज जेथें चुकली तेथें तो बोट ठेवतो, आणि रागावत नाहीं. (आमच्या धंद्यांतील सर्वांनाच हें साधतें असें नाहीं.)

त्यांच्या शेतकीविषयक कामगिरींत मुख्य प्रसंग सन १९०१ मधील आहे. लागोपाठच्या दोन दुष्काळांनीं दक्षिणेंतील रयत नागवली गेली होती, आणि साऱ्याची बाकी थकली म्हणून पुष्कळ जमिनी सरकारजमा होऊं लागल्या होत्या. अशा वेळीं मुंबई सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें बिल आणलें. सरकारचें म्हणणें असें कीं, रयतेची जमीन सावकाराच्या घशांत जाते. सबब जप्त झालेली जमीन पुन्हां लागवडीस देतांना ती विकण्याचा अथवा गहाण टाकण्याचा हक्क सरकारनें राखून ठेवावा. हेतु वरकरणीं परोपकारी होता. गोखल्यांनीं विचारलें तें इतकेंच, कीं जमिनीवरील हक्कच काढून घेतल्यावर कुणब्याची पत कशावर राहणार? वाईट सालीं बियाणें व बैल त्यास कोण देणार? मालक होता तो सरकारचें कूळ होईल, आणि सावकार मात्र दुसऱ्या वाटेनें आंत येईल. ऑगस्ट १९०१ मध्यें पुण्यास भरलेल्या बैठकींत बिल लांबणीवर टाकण्याची सूचना नापास झाली, तेव्हां फेरोजशहा मेहता, गोखले व त्यांचे कांहीं सहकारी सभागृह सोडून निघून गेले. कायदा अर्थातच मंजूर झाला.

हा सभात्याग इतिहासाच्या पुस्तकांत येतो. पण त्याच भाषणाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाहीं, आणि आमच्या मतें खरें महत्त्व त्यालाच आहे. नुसता विरोध करून गोखले थांबले नव्हते. सरकारला खरोखरच रयतेची कळकळ असेल, तर एखादा लहानसा मुलूख निवडावा, तेथील शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जाची वाट आधीं लावावी, आणि मग शेतकी पेढ्या काढून त्यांस माफक व्याजानें पैसा पुरवावा, असा प्रयोग त्यांनीं सुचविला होता. पुढें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्या वेळींहि जुन्या कर्जाचा प्रश्न त्यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत पुन्हां काढला. तो तसाच राहिला.

आतां मुळशीकडे वळावें. वीस वर्षांनंतर टाटा कंपनीच्या वीजधरणासाठीं सरकारनें सन १८९४ च्या कायद्यान्वयें त्या पेट्यांतील जमिनी घेण्याचें ठरविलें, तेव्हां गोखल्यांची सरकारविषयींची शंका खरी ठरली. पण त्याच वेळीं दुसरीहि गोष्ट उघडी पडली. पुष्कळ जमिनी पुण्यांतील सावकारांच्या नांवावर चढल्या होत्या किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. नुकसानभरपाई घेऊन मोकळें व्हावें असें या मंडळींस वाटलें, तर त्यांत नवल तें काय? नांगर ज्याच्या हातीं होता त्यास पैसा नको होता, भात पिकविणारी जमीन हवी होती. म्हणजे विकण्याचा व गहाण टाकण्याचा जो हक्क १९०१ सालीं कुणब्याचें भूषण म्हणून राखावयाचा होता, त्याच हक्कानें, कर्जाचा बंदोबस्त न झाल्यामुळें, जमीन त्याच्या हातून गेली होती. गोखल्यांचें अर्धें म्हणणें सुशिक्षितांनीं उचललें आणि अर्धें सोडून दिलें. जें सोडलें तें आपल्याच वर्गाच्या अंगाशीं येणारें होतें. त्या भरपाईचे कागद आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरच्या जुन्या दप्तरांतहि निघतील.

वरिष्ठ कौन्सिलांतील त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणाचा, म्हणजे २६ मार्च १९०२ च्या भाषणाचा, येथें ओझरता उल्लेख पुरे. खजिन्यांतील शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हे, रुपयाचा भाव कृत्रिम रीतीनें चढविल्यामुळें करांचा बोजा वाढला आहे, एवढें त्यांनीं सिद्ध केलें. मिठावरील कर मणामागें अडीच रुपये होता, तो १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. त्याचें पुष्कळसें श्रेय त्यांच्या चिकाटीस आहे. रस्त्यांविषयीं मात्र त्यांच्याकडून फारसें मिळत नाहीं. शिल्लक रेल्वेवर उधळूं नये, आरोग्य व शिक्षण यांवर खर्चावी, असा त्यांचा हेका असे. रस्त्यांचा प्रश्न हातीं घेणारे मराठी सभासद म्हणजे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सन १९२७ च्या रस्ते-समितीचे ते अध्यक्ष होते, आणि पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठीं निराळा फंड काढण्याची कल्पना त्या समितीचीच.

राहतां राहिलें शिक्षण. गहाणखत ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास जमिनीवरील हक्क कितपत उपयोगी? गोखल्यांनीं १६ मार्च १९११ रोजीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं हें करून दाखविलेंच होतें. बिल इतकें सौम्य होतें कीं, आज वाचतांना आश्चर्य वाटतें. शाळेच्या वयाचीं शेंकडा तेहतीस मुलें जेथें आधींच शाळेंत जात असतील तेथेंच, आणि तेंहि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, सक्ती लागू व्हावयाची होती. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असणाऱ्या आईबापांस फी माफ. मुळशीसारख्या डोंगरी पेट्यांत हें प्रमाण केव्हां भरलें असतें, याचा अंदाज वाचकांनींच करावा. या बाबतींत गोखले फारच थोडक्यावर समाधान मानीत होते, असें आम्हांस वाटतें. परंतु तें थोडकेंहि त्यांस मिळालें नाहीं. सरकारी सभासदांबरोबर जमीनदारवर्गाचे कांहीं हिंदी सभासदहि उलट गेले, आणि १९ मार्च १९१२ रोजीं अडतीस विरुद्ध तेरा मतांनीं बिल पडलें.

१९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांनीं तीच कल्पना मुंबईच्या कौन्सिलांत कायद्याच्या रूपानें मंजूर करून घेतली, पण ती म्युनिसिपालिट्यांपुरती. मुळशी पेट्यांत म्युनिसिपालिटी नव्हती. तीन वर्षांनीं तेथील शेतकरी धरणाच्या पायावर जाऊन बसले.