जुन्या यंत्रांतील संदेशवहनाचे बिघाड : दोन तारांची परीक्षा

'पोकलेन' हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव, तर 'जेसीबी' ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात मात्र ही दोन्ही सामान्यनामे झाली आहेत. विहीर, शेततळे, चिरेखाण, महामार्गाचे रुंदीकरण अशा कामांवर येथे जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातची यंत्रे सर्रास दिसतात. त्यांपैकी काही पुढे गोव्यातील ठेकेदारांकडेही येतात. असे यंत्र घेताना इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, बूमच्या पिना आणि बुशांची झीज पाहण्याची पद्धत जुनी आहे. गेल्या काही वर्षांत तेवढी तपासणी अपुरी ठरू लागली आहे.

बांधकाम यंत्रांसाठी प्रदूषण नियंत्रणाचा चौथा टप्पा 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला. त्यानंतरच्या मोठ्या इंजिनांत इंधन किती व कधी सोडायचे, हे संगणकीय पेटी ठरवते. इंजिनाची एक पेटी, हायड्रॉलिक पंपाची दुसरी, केबिनमधील मीटरची तिसरी, धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची आणखी एक. या पेट्या एकमेकींशी बोलतात त्या दोन पिळलेल्या तारांवरून. ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडली. तिला 'कॅन' म्हणतात आणि अवजड यंत्रांत ती बहुधा 'जे 1939' या प्रमाणकानुसार वापरली जाते. प्रत्येक पेटीला स्वतंत्र तारांचा जुडगा न ओढता सर्वांनी एकाच जोडीवर पाळीपाळीने बोलावे, हे तिचे तत्त्व. सोय मोठी आहे; पण ही जोडी तुटली वा चिकटली, तर ठणठणीत इंजिनही सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन मंद गतीवरच अडकून राहते.

खरे नुकसान येथून सुरू होते. मीटरवर संदेशवहनाचा कोड उमटला, की पेटीच बिघडली असा निष्कर्ष घाईने काढला जातो. नवी पेटी महाग असते, तिच्यात त्या यंत्राची माहिती भरून घ्यावी लागते, आणि ती बसवूनही कोड तसाच राहिला तर पैसे परत मिळत नाहीत. कर्जाचा हप्ता आणि ऑपरेटरचा पगार मात्र थांबत नाही. वस्तुतः 'इंजिनाकडून संदेश आला नाही' ही तक्रार करणारी पेटी बहुधा धडधाकट असते. गप्प बसलेली पेटी दुसरी असते. तीन पेट्या एकीविरुद्धच तक्रार करत असतील, तर त्या एकीचा वीजपुरवठा, फ्यूज आणि अर्थिंग आधी पाहावे. सगळ्याच एकमेकींविरुद्ध तक्रार करत असतील, तर संशय तारांवर घ्यावा. 'एसपीएन 639' हा कोड या तारांच्या जाळ्याविषयीचाच आहे. त्याच्यासोबत 'एफएमआय 9' दिसल्यास संदेश वेळेवर येत नाहीत, असा त्याचा अर्थ.

पहिली परीक्षा स्कॅनरची नव्हे, बॅटरीची. मोठी पोकलेन बहुधा 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारी असते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली आले, तर पेट्या क्षणभर बंद पडतात आणि खोटे कोड मागे ठेवतात. अर्थिंगची तार चेसिसला जेथे बोल्टने आवळलेली असते, तेथे रंग आणि गंज यांमुळे अडथळा येतो.

त्यानंतर साध्या मल्टिमीटरने होणारी, पण क्वचितच केली जाणारी तपासणी येते. 'कॅन'च्या मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून केबिनमधील नऊ पिनांच्या गोल कप्लरवर 'सी' आणि 'डी' पिनांमध्ये मोजल्यास सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले, तर एका टोकाचा रोध गायब आहे किंवा वाटेत तार तुटली आहे. शून्याजवळ आले, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. 40 आले, तर कोणीतरी तिसरा रोध जोडला आहे. जुन्या यंत्रात बाहेरून बसवलेल्या उपकरणामुळे असे घडू शकते. चावी चालू केल्यावर प्रत्येक तारेवर चेसिसच्या तुलनेत अडीच व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो: एकीवर किंचित जास्त, दुसरीवर किंचित कमी. एक शून्यावर किंवा बॅटरीइतकी असेल, तर ती कोठेतरी सोलली गेली आहे. मग एकेक पेटीचा कप्लर काढत जावे. ज्या क्षणी आकडा जागेवर येतो, त्या फांदीत दोष आहे.

दोष सापडतो तो बहुधा क्षुल्लक जागी. खानापूर आणि घाटमाथ्याचा पाऊस कप्लरमध्ये शिरतो आणि तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा हिरवा कळंक पिनांवर चढतो. तार तपासण्यासाठी तिच्या आवरणाला सुई टोचण्याची सवय याला हातभार लावते: त्या छिद्रातून पाणी तारेच्या आत झिरपते आणि काही महिन्यांनी हातभर अंतरावर ती तुटते. उसाच्या फडाजवळ आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या यंत्रात उंदीर आवरण कुरतडतात. गोव्यात 2012 आणि 2018 मधील खाणबंदीनंतर अनेक यंत्रे दीर्घकाळ उभी राहिली. उभे यंत्र झिजत नाही हा समज तारांच्या बाबतीत खोटा ठरतो.

वेल्डिंगची गोष्ट वेगळी, आणि उद्यमबागेसारख्या फाउंड्री-फॅब्रिकेशनच्या परिसरात विशेष महत्त्वाची. बकेटला पट्टी मारताना अर्थिंगचा चिमटा दूर चेसिसला लावला, तर वेल्डिंगचा प्रवाह पेट्यांच्या तारांतून वाट काढू शकतो. चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा, बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडवावेत आणि शक्य असेल तेथे पेट्यांचे कप्लरही काढावेत. जुन्या यंत्राच्या बूमवर ताजे वेल्डिंग दिसले, तर ते करताना काय केले होते, हे विक्रेत्याला विचारण्यात संकोच नसावा.

टायरवर चालणाऱ्या यंत्राची नोंदणी दुसऱ्या राज्यात हलवताना नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात चेसिस व इंजिनाचे क्रमांक असतात. पेट्यांविषयी अवाक्षर नसते. यंत्राचे ठिकाण कळवणारी पेटी आधीच्या मालकाच्या खात्यावर असेल, तर ते खाते बदलून घेण्याची नोंद व्यवहारातच करावी.

कोड पुसून यंत्र दाखवणे सोपे आहे. म्हणून ते थंड असताना सुरू करावे, तासभर बूम, बकेट आणि स्विंग पूर्ण ताकदीने चालवावेत, केबिनमागील तारांचा जुडगा हाताने हलवून पाहावा आणि मगच स्कॅनर लावावा.