प्रबंध आणि पदवी यांच्या दरम्यान

अमेरिकी विद्यापीठांत ज्याचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, जो सर्वंकष परीक्षाही उत्तीर्ण झाला आहे, पण ज्याचा प्रबंध अद्याप हातावेगळा झालेला नाही, अशा पीएच.डी.च्या उमेदवाराला ‘एबीडी’, म्हणजे प्रबंधाखेरीज सर्व काही पूर्ण केलेला, असे म्हणतात. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या, त्या जर्मन वळणावर. आणि याच वळणातून प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल करण्याची अटही अनेक ठिकाणी आली. छपाईचा खर्च बहुधा उमेदवारावरच पडत असल्याने, लेखन संपले तरी पदवी हाती येईलच याची शाश्वती नसे.

कोलंबिया विद्यापीठातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या आंबेडकरांनी १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध सादर केला आणि ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना तेथील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापन, १९२० मध्ये पुन्हा लंडन आणि १९२३ मध्ये तेथील डी.एससी., एवढे सारे घडून गेल्यावर १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. त्याला त्यांचे कोलंबियातील गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना अर्पण केलेला आहे. या ग्रंथाच्या छापील प्रती दाखल झाल्यावर कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये. काटेकोर अर्थाने त्यांना ‘एबीडी’ म्हणता येणार नाही, कारण त्यांचे लेखन झाले होते. तरीही विद्वत्ता सिद्ध झाल्यावर अकरा वर्षे पदवी अडून राहावी, हा त्या व्यवस्थेचाच दोष मानला पाहिजे.

१९३८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे यूजीन पॉवर यांनी प्रबंधांचे सूक्ष्मपटांवर, म्हणजे अतिलहान छायाचित्रांच्या फितींवर, प्रकाशन करण्याचा उद्योग उभारला आणि छपाईची अट हळूहळू सैल झाली. पैशाची अडचण मात्र राहिली. बोवेन आणि रुडेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकांच्या पीएच.डी. शिक्षणावरील १९९२ च्या अभ्यासात सर्व परीक्षा ओलांडलेले उमेदवारही मोठ्या संख्येने प्रबंधाच्या टप्प्यावर गळतात असे दिसून आले. या गळतीचे खापर केवळ उमेदवाराच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे.