अर्धे हसू आणि त्याचे मोजमाप

सकाळी चूळ भरताना ओठाच्या एका कोपऱ्यातून पाणी गळू लागावे, त्याच बाजूचा डोळा मिटेनासा व्हावा, आणि आरशात पाहता हसू अर्ध्याच मुखावर उमटावे, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. आयुर्वेदात या विकारास ‘अर्दित’ म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकात त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराला चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याचे नाव मिळाले. मज्जातंतूंविषयीचे आपले संशोधन त्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते.

हा पक्षाघात पुष्कळदा आपोआपही बरा होतो. तेव्हा रोगी बरा झाला तो औषधाने की काळाने? आणि किती बरा झाला, हे ठरवावे कोणी? औषध देणाऱ्याची दृष्टी आशेने भारलेली असते.

तेथे कॅमेरा साक्षीला आला. १८६२ मध्ये ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू हालवून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढे १९८५ साली अमेरिकेत हाउस व ब्रॅकमन यांनी सहा पायऱ्यांची श्रेणी मांडली : पहिली निरोगी, सहावी पूर्ण लुळी. परंतु पायरी ठरे ती नजरेच्याच अंदाजाने.

बेलच्याच स्कॉटलंडमध्ये ५५१ रोग्यांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोग्यांची छायाचित्रे ठराविक चार मुद्रांत घेतली गेली, आणि कोणास कोणते औषध दिले हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी ती पारखली. प्रेडनिसोलोन लवकर घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के रोगी नऊ महिन्यांत बरे झाले. न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के.

तरीही स्थिर चित्र सारे सांगत नाही. पुन्हा वाढणारे तंतू वाट चुकले, तर हसताना डोळाही मिटू लागतो. हा दोष हालचालीतच दिसतो. म्हणून आता व्हिडिओचे साहाय्य घेतात. भुवई, पापणी, ओठ यांवर खुणा धरून संगणक दोन्ही बाजूंची हालचाल मोजतो. मात्र निरोगी चेहऱ्यांवरच शिकलेला संगणक वाकड्या चेहऱ्यावर खुणा चुकवितो, असेही आढळले आहे.

मोजमाप हवेच, त्यावाचून निरुपयोगी औषधही यशाचे श्रेय घेऊन जाईल. पण तोंडावर पदर किंवा रुमाल धरणारे माणूस ज्या दिवशी चारचौघांत मोकळेपणी हसते, त्या दिवसाची नोंद त्याच्याच तोंडून घ्यावी लागते.