दान आणि देणे

परोपकाराची सभा भरली म्हणजे तीत दाते बोलतात. ज्यांच्याकरिता ती भरलेली असते ते लोक बहुधा तेथे नसतात. ही रीत आमच्या सुशिक्षित समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही उणे आहे असे कोणास वाटतही नाही. तानशाच्या परिसराचा इतिहास पाहता मात्र तिचा पुनर्विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शहापूर तालुक्यात तानसा नदीवरील धरण १८९२ साली पुरे झाले, आणि तिचे पाणी नळांवाटे मुंबईस जाऊ लागले. त्या पाण्यावर वाढलेल्या शहरात पुढे लोकसेवेच्या संस्था निघाल्या. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून मजुरांकरिता रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीकडे दृष्टी वळविण्याचे श्रेय बाळासाहेब खेरांचे. त्यांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढले. या कार्याचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु लग्नापुरते कर्ज काढून जो वारली सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे लग्नगडी म्हणून राबत होता, त्याच्या मुलास पाटी मिळाल्याने बापाची वेठ कशी सुटावी?

याचे उत्तर एका निराळ्याच सभेत सापडते. शहापूरच्याच लोहमार्गावर, अलीकडे काही स्थानकांवर, टिटवाळे आहे. तेथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. त्याच्या कार्यकर्त्यांत, पूर्वी भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरीबाई परुळेकर होत्या. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्यातून मूठभर वारली तेथे आले, आणि वेठीची हकीकत त्यांच्याच तोंडून सभेने ऐकली. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे हजारो वारल्यांनी जमून वेठ न करण्याचा निश्चय केला. ऐकणाऱ्यांची जागा बदलताच मागणेही बदलले: कांबळे नव्हे, तर श्रमाचा मोबदला आणि माणुसकीची वागणूक.

आज शहरांतील सेवाभावी मंडळे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वह्या, धान्य, औषधे घेऊन जातात, हे स्तुत्यच होय. परंतु तानशाचे पाणी आजही मुंबईस जाते, भातसाचेही जाते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्याचे पाणी आपण पितो त्यास दिलेले सर्वच दान म्हणता येत नाही. त्यातील बराच भाग देणे असते. म्हणून आमची या मंडळांस सूचना एवढीच की, पुढील वर्षाचे काम ठरविण्याची सभा त्यांनी एकदा पाड्यावरच भरवावी, आणि पहिले भाषण तेथील बाईमाणसांस करू द्यावे.