निसान ३००झेडएक्समधील इंधन अंतःक्षेपक बदलणे

निसान ३००झेडएक्स या जपानी स्पोर्ट्स कारच्या दुसऱ्या पिढीतील, म्हणजेच झेड३२ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांमधील इंधन अंतःक्षेपक अर्थात इंजेक्टर बदलणे हे या गाडीच्या देखभालीतील एक प्रमुख व वेळखाऊ काम आहे. सहा सिलिंडरांसाठी सहा इंजेक्टर असतात. सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांचे मूळ इंजेक्टर आतून गंजून निकामी होण्यासाठी प्रसिद्ध आहेत. इंजेक्टर हा लहानसा भाग असला तरी तो इंजिनाच्या मध्यभागी खोलवर बसविलेला असतो. त्यामुळे एकच इंजेक्टर बिघडला तरी सहाही एकाच वेळी बदलण्याचा प्रघात आहे.

पार्श्वभूमी

झेड३२ गाडी १९८९ मध्ये बाजारात आली. जपानमध्ये ती फेअरलेडी झेड या नावाने विकली जात असे. अमेरिकेतील विक्री १९९६ मध्ये थांबली, तर जपानमध्ये उत्पादन २००० पर्यंत सुरू राहिले. गाडीत सुमारे ३ लिटर क्षमतेचे व्ही आकाराचे सहा सिलिंडरांचे इंजिन असते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनास व्हीजी३०डीई, तर दोन टर्बोचार्जर असलेल्या इंजिनास व्हीजी३०डीईटीटी असे नाव आहे. अमेरिकेतील गाड्यांमध्ये त्यांची शक्ती अनुक्रमे २२२ व ३०० अश्वशक्ती होती.

रचना व कार्य

इंजेक्टर ही विद्युतचुंबकाने उघडणारी झडप असते. इंधनपंप पेट्रोल दाबाखाली इंधननलिकेत पोहोचवतो. इंजेक्टरच्या एका टोकास बॅटरीचा विद्युतदाब मिळतो व दुसरे टोक इंजिन नियंत्रक संगणक काही मिलिसेकंदांपुरते भूसंपर्कित करतो. तेवढ्या वेळात आतील वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, झडप उघडते आणि पेट्रोलाचा सूक्ष्म फवारा सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेत मिसळतो.

झेड३२ मधील इंजेक्टरांना इंधन वरून न मिळता बाजूने मिळते. प्रत्येक इंजेक्टर इंधननलिकेतील खाचेत बसतो व वरून टोपीने घट्ट धरला जातो. सिलिंडरांच्या दोन रांगांमधील दरीत ही रचना असून तिच्यावर हवा पुरविणारी ॲल्युमिनियमची मोठी पेटी असते. या पेटीस प्लेनम म्हणतात. साध्या इंजिनातील इंजेक्टर मिनिटाला सुमारे २७० घनसेंटीमीटर, तर टर्बो इंजिनातील सुमारे ३७० घनसेंटीमीटर इंधन सोडतो.

बिघाडाची कारणे

जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरमध्ये इंधन वेटोळ्याच्या तारांपर्यंत पोहोचते आणि पेट्रोलातील इथेनॉल व त्याने शोषलेले पाणी यांमुळे तारांची क्षती होते, असे या बिघाडाचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यानंतर १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलाचा वापर देशभर वाढला. भारतातही २०२३ पासून २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलाची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने, जुन्या वाहनांच्या इंधनप्रणालीतील रबर व धातूचे भाग हा विषय येथेही महत्त्वाचा ठरला आहे.

निसानने १९९० च्या दशकाच्या मध्यास सुधारित रचनेचे इंजेक्टर वापरण्यास सुरुवात केली. याशिवाय दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत इंधनाचा चिकट थर साचणे, आतील गाळणी तुंबणे आणि ओ-रिंग कडक होऊन गळती होणे ही इतर कारणे आढळतात.

लक्षणे व तपासणी

गाडी उभी असताना इंजिन थरथरणे, एखादा सिलिंडर न पेटणे, गरम इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे आणि पेट्रोलाचा वास येणे ही प्रमुख लक्षणे होत. मात्र यांतील काही लक्षणे प्रज्वलन प्रणालीतील दोषांमुळेही दिसतात. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी पुढील तपासण्या केल्या जातात.

- विद्युतरोध: जोडणी काढून इंजेक्टरच्या दोन टोकांमधील रोध मोजतात. तो साधारण १० ते १४ ओहम असावा. फार कमी, फार जास्त किंवा इतर पाच इंजेक्टरांपेक्षा वेगळा रोध बिघाड सुचवितो.
- ध्वनी: इंजिन सुरू असताना स्टेथोस्कोपने इंजेक्टरची नियमित टकटक ऐकू येते. टकटक ऐकू न आल्यास झडप उघडत नाही किंवा तिला संकेत मिळत नाही.
- संगणकीय संकेत: नियंत्रकातील ५१ हा संकेतांक इंजेक्टरच्या विद्युतमंडलातील दोष दर्शवितो.

रोध योग्य असूनही इंजेक्टर तुंबलेला असू शकतो. अशा वेळी ध्वनिलहरींद्वारे केलेली स्वच्छता उपयोगी पडते. परंतु गंजलेले वेटोळे स्वच्छतेने दुरुस्त होत नाही.

सुट्या भागांची निवड

नव्या संचातील सर्व इंजेक्टरांचा इंधनप्रवाह एकसारखा असणे आवश्यक असते. टर्बो इंजिनात एका सिलिंडरला कमी इंधन मिळाल्यास तेथील मिश्रण विरळ होते, तापमान वाढते आणि नॉकिंगमुळे दट्ट्या वितळण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. नव्या रचनेचे इंजेक्टर जुन्या गाडीत बसविताना त्यांना जुळणाऱ्या टोप्या व विद्युतजोडण्याही बदलाव्या लागतात. मूळ क्षमतेपेक्षा मोठे इंजेक्टर वापरल्यास नियंत्रकाची आज्ञावली बदलणे अनिवार्य असते.

कार्यपद्धती

काम थंड इंजिनावर केले जाते. इंजिन बंद असतानाही नलिकेत दाब टिकून राहतो. म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवितात व नंतर बॅटरीची जोडणी काढतात. शीतक द्रव काढून घेतल्यावर हवेच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची तार, निर्वात नळ्या व विद्युतजोडण्या क्रमाने सोडविल्या जातात. प्रत्येक नळीला चिठ्ठी लावणे उपयुक्त ठरते. दशकांच्या उष्णतेने प्लॅस्टिकच्या जोडण्या ठिसूळ झालेल्या असतात, तर त्यांच्या तारेच्या बारीक क्लिपा दरीत पडून सहज हरवतात.

प्लेनम काढल्यानंतर हवेची उघडी छिद्रे स्वच्छ कापडाने झाकतात. त्यात पडलेला एखादा स्क्रू सिलिंडरपर्यंत पोहोचून इंजिन निकामी करू शकतो. टोप्यांचे स्क्रू घट्ट बसलेले असल्याने नेमक्या मापाचा पेचकस वापरला जातो. इंजेक्टर काढताना जुन्या ओ-रिंगचे तुकडे खाचेत राहिले नाहीत, हे पाहतात. नव्या ओ-रिंगना इंजिन तेलाचा पातळ थर लावून इंजेक्टर सरळ दाबून बसवितात. पीळ पडलेली किंवा कापलेली ओ-रिंग हे गळतीचे नेहमीचे कारण असते.

दरीतील जुन्या शीतक व निर्वात नळ्या, प्लेनमची गॅस्केट आणि नॉकिंग संवेदकाची वायर याच वेळी तपासून आवश्यकतेनुसार बदलली जाते, कारण त्यांच्यासाठी हेच काम पुन्हा करावे लागते.

गळती चाचणी व सुरक्षितता

प्लेनम परत बसविण्यापूर्वी गळती चाचणी करणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो. इंधननळ्या, फ्यूज व बॅटरी जोडून, इंजिन सुरू न करता, किल्ली काही वेळा चालू स्थितीत नेली जाते. त्यामुळे पंप काही सेकंद चालून नलिकेत दाब निर्माण होतो. प्रत्येक इंजेक्टरभोवती कोरडे कापड फिरवून ओलावा तपासतात. प्लेनम बसविल्यावर ही जागा दिसेनाशी होते, आणि तेथे साचलेले पेट्रोल गरम इंजिनावर पेट घेऊ शकते.

काम हवेशीर जागी, उघडी ज्योत व ठिणग्यांपासून दूर आणि कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक यंत्र जवळ ठेवून केले जाते. शेवटी शीतक भरून प्रणालीतील हवा काढली जाते, इंजिन सुरू करून पुन्हा गळती पाहिली जाते आणि नियंत्रकातील जुने संकेतांक पुसले जातात.